फक्त सुट्या भागांसाठी

आमच्या उत्तर स्वीडनमध्ये, व्हेस्टरबॉटनकडे कुणी कुणाला चांगली गाडी विकत नाही. चांगली म्हणून विकली की तिची जबाबदारी अंगावर येते, आणि मग दुकानात, चर्चमध्ये, कुणाच्या मयताला त्या गिऱ्हाइकाचं तोंड जन्मभर बघावं लागतं. म्हणून इथे प्रत्येक जुनी गाडी ‘फक्त सुट्या भागांसाठी’ विकली जाते. मग ती कोठारातून स्वतः चालत बाहेर आली तरी.

बाबांनी या रिवाजावर आयुष्य काढलं. त्यांच्या मोहरी रंगाच्या जुन्या साब गाडीला भाग हवेत म्हणून त्यांनी दुसरी साब आणली. तिचा एक स्क्रू काढण्याआधीच त्यांना तिची दया आली आणि ते तिलाच दुरुस्त करायला बसले. आता भाग दोघींना लागणार, म्हणून तिसरी आणली. कोठारात आज तीन साब उभ्या आहेत. तिघींपैकी कुणाचाही भाग कुणाला मिळालेला नाही, आणि बाबांच्या हाताखाली तिघींचे गिअरबॉक्स एकाच रोगाने गेले.

बाबा गेले भर हिवाळ्यात. जमीन गोठून दगड झालेली, त्यामुळे अस्थिकलश वसंतापर्यंत चर्चमध्ये थांबला. वाट बघण्याची सवय त्यांना होतीच. मे संपत आला, माती मऊ झाली आणि पाद्रीणबाईंनी कलश पुरायला शनिवार ठरवून दिला.

त्यांना त्यांच्या साबमधून न्यायचं, एवढंच माझ्या मनात होतं. मी काही हळवी बाई नाही.

“माझी गाडी आहे की,” आई म्हणाली. “हीटर चालतो, ब्रेक लागतात. नुसती चैन.”

“बाबा तिला डबा म्हणायचे.”

“आता काय म्हणणार आहेत?”

यावर दोघींनीही भांडी पुसायला घेतली. बऱ्याच वेळाने आई म्हणाली, “अल्गोतकडे एक आहे. म्हातारा गावातल्या फ्लॅटमध्ये राहायला चाललाय, विकून टाकणार म्हणे. जा. पण आणलीस तर कापायची, बये. चौथी सवत मला नको.”

अल्गोत बाबांचा जुना मित्र, म्हणजे दोघे वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी गप्प बसायचे. त्याने मला आधी कॉफी दिली, तीत आमच्याकडच्या रीतीने चीजचे तुकडे टाकले. मग आम्ही नदीवरच्या बर्फाबद्दल बोललो, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोललो, दुसरी कॉफी झाली. गाडीचं नाव काढणं अजून असभ्यपणाचं होतं. तिसऱ्या कपाला तो खिडकीकडे बघत म्हणाला, “तू काही बघायला आली होतीस का?”

कोठारात हिरवीगार साब उभी होती, धुतलेली.

“काही दम नाही तिच्यात,” अल्गोत म्हणाला. “सुट्या भागांसाठी ठीक आहे.”

मी किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

“होते कधीकधी,” तो ओशाळून म्हणाला.

“अल्गोतकाका, टायर नवे आहेत.”

“भागच आहेत ना तेही.”

“आणि तपासणी?”

“झाली पास. त्या दिवशी त्या माणसाला घाई असेल.”

“मला गिअरबॉक्सच हवाय फक्त.”

“काढ की. बाकीची भंगारात जाईल.” त्याने टपावरून हात फिरवला, धूळ पुसल्यासारखा. धूळ नव्हती. “तुझा बाप दर वसंतात यायचा. झाकण उघडून बघायचा. म्हणायचा, ‘हिला कापणारा खाटीकच पाहिजे.’ मग कॉफी संपवून जायचा.”

“मग त्यांना का नाही दिलीत?”

“त्याने कधी मागितली नाही.”

“आणि तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

“आपण कसं विचारायचं, पोरी? त्याला वाटलं असतं, मला विकायचीये.”

त्या गाडीत मी बसून राहिले. गिअरबॉक्स काढला, तर शनिवारी बाबांची गाडी रस्त्यावर येईल आणि ही, जिच्याकडे ते दर वर्षी बघायला यायचे, भंगारात जाईल. खाटिकाचं काम मला जमलं असतं. आमच्या घरात कुणीतरी ते करायलाच हवं होतं. पण सीट फार सपाट होती. बाबांच्या सीटला डावीकडे खळगा आहे. त्या बाजूच्या स्प्रिंगा त्यांच्या वजनाने कधीच बसल्या. लहानपणी त्यांच्या मांडीवरून मी त्याच बाजूला घसरायचे.

“घेते,” मी म्हणाले.

“सुट्या भागांसाठी?”

“अर्थात.”

अल्गोतने श्वास आत ओढला. आमच्याकडे ‘हो’ असंच म्हणतात, तोंड उघडण्याचे श्रम वाचतात.

घरी आई पायरीवर उभी होती. गाडी स्वतः चालत आलेली बघून ती म्हणाली, “झालं! बापाची लेक. कापायची म्हणाले होते ना मी?”

“कापतेय,” म्हणत मी पाने घेतले आणि मोहरी गाडीकडे गेले.

सीटचे बोल्ट गंजले होते. मी शिव्या देत होते, तेवढ्यात आई तेलाची बुधली घेऊन आली आणि बोल्टांवर तेल सोडत राहिली. बाबांच्या हयातीत तिने कोठारात पाऊल टाकलं नव्हतं. सीट आम्ही दोघींनी उचलून हिरव्या गाडीत बसवली. चाळीस वर्षांत आमच्या घरी पहिल्यांदाच एका साबमधला भाग दुसरीत गेला होता.

“रंग जुळत नाही,” आई म्हणाली.

“नाही जुळत.”

शनिवारी चर्चमधून कलश घेतला. कबरस्तान टेकडीपलीकडे आहे. आई माझ्या शेजारी कलश मांडीवर घेऊन बसली, मी खळग्यात. डावीकडे कलून गाडी चालवावी लागते, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. चढावर मी गिअर बदलला, तो जरा ओरडला.

“हळू,” आई म्हणाली. “हाही मोडशील, त्यांच्यासारखा.”

“मोडला तर मोहरी आहे ना घरी.”

“तिचा मोडलेलाच आहे.”

“बाकीचे भाग आहेत. ठेवू या तिला.”

आईने श्वास आत ओढला. ते ‘हो’ होतं की दुसरं काही, ते मी बघितलं नाही. रस्त्यात खड्डे फार होते.