श्रीच्या डोक्यावरची रेघ

रामचंद्रअण्णांच्या छापखान्यातून एकतीस वर्षांत 'श्री'शिवाय चिठोरंसुद्धा बाहेर पडलं नव्हतं. लग्नपत्रिका सोडाच, जुन्या हुबळीतल्या न्हाव्याचं दरपत्रक आणि हरवलेल्या म्हशीची जाहिरातही त्यांनी माथ्यावर श्री घालूनच छापली. म्हैस सापडली, तेव्हा त्यांनी श्रेय कुणाला दिलं हे सांगायला नकोच.

पण हल्ली लोक पत्रिका मोबाइलवर धाडतात. अण्णांचं स्क्रीन प्रिंटिंगचं टेबल धूळ खात पडलं. भंगारवाला दोनदा येऊन त्याचे पाय हलवून गेला. तेव्हा लेक दीपश्री धावून आली. ती विद्यानगरच्या एका कॉलेजात वाकणाऱ्या प्लॅस्टिकवर विजेची सर्किटं छापायचं संशोधन करत होती. चांदीच्या शाईच्या दोन रेघा, त्यांच्यात निळी शाई. कोरडं असेल तोवर गप्प, ओलं झालं की वीज या रेघेतून त्या रेघेत जाणार आणि वर लावलेली डबी 'टीं' करून बोंबलणार.

"शाई ऑरगॅनिक आहे, अप्पा," ती वडिलांना म्हणाली.

"म्हणजे शेणखतातली?"

"नाही हो! कार्बनची. मंद आचेवर वाळवायची, एवढंच."

"हे लावायचं कुठं पण?"

"बाळांना," म्हणून दीपश्रीनं विषय बदलला. तिथंच घोडं पेंड खाणार होतं.

नमुने उत्तम निघाले. आता गुरुवारी कॉलेजात येणाऱ्या कंपनीच्या पाहुण्यांपुढं चाळीस तुकडे दाखवायचे होते. पसंत पडले तर पुढची छपाई अण्णांकडं, नाही तर बेंगळूरला, आणि टेबल भंगारात. अण्णा वरवर "बघू की" म्हणत, पण दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही.

गुरुवारी पहाटे त्यांनी छपाईला हात घातला आणि थबकले. तुकड्याच्या माथ्यावर, दोन रेघांच्या मधोमध, बोटभर जागा कोरी होती. बाळांची वस्तू आणि कपाळ कोरं? अण्णांच्या जिवाला ते पटेना. त्यांनी स्क्रीनवर स्वतःच्या हातानं श्री काढला, पत्रिकेवर काढत तसाच ऐसपैस, डोक्यावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून. आणि छापला, त्याच चांदीच्या शाईत. मग चाळीस तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी बस पकडली.

कॉलेजात पाहुणे बसलेच होते. दीपश्रीनं वरचा तुकडा उचलला, घाईघाईत बाहुलीला बांधला, डबी लावली.

टींऽऽऽ!

बाहुली कोरडी ठणठणीत होती. दुसरा तुकडा लावला. टींऽऽऽ! तिसरा, चौथा, तेच. पाहुण्यांपैकी एक बाई म्हणाल्या, "हे बाळ जन्मापासूनच भिजलेलं दिसतंय." सगळे हसले. दीपश्रीचा चेहरा उतरला, आणि अण्णा खुर्चीतून उठले. लेकीनं बेंगळूरचे छापखाने सोडून आपल्यावर भरवसा टाकला होता!

तिचे हिरेमठ सर पुढं आले. त्यांनी भिंग लावून तुकडा पाहिला. "एन्री इदु?"

"हे काय म्हणून काय विचारता? श्री आहे की, सर."

दीपश्रीनं कपाळावर हात मारला. "अप्पा! डोक्यावरची रेघ! तिनं दोन्ही रेघा जोडल्या. वीज सरळ श्रीवरनंच पलीकडं जायलीय!"

सरांना हसू आवरेना. ते मोडक्या मराठीत म्हणाले, "रामचंद्रण्णा, कन्नडात लिहायचं होतं. आमच्या अक्षरांना अशी लांब रेघ नसते!"

दीपश्रीनं ब्लेड आणलं, पण श्रीवर टेकवायला तिचा हात धजेना. "अप्पा, एकतीस वर्षांत तुम्ही कधी…"

"ते राहू दे. आधी खरं सांग, बाळांना कुठं लावायचं हे?"

दीपश्रीनं मान खाली घातली. "लंगोटात."

"लंगोटात?" अण्णांचे डोळे पांढरे झाले. "मी श्रीला लंगोटात घातलं?"

त्यांनी ब्लेड हिसकावलं आणि "चुकलं, पदरात घे" असं पुटपुटत चाळीसच्या चाळीस श्री खरवडून काढले. पाहुण्यांचा चहा झाला, दुसरा झाला, तरी त्यांनी मान वर केली नाही.

मग दीपश्रीनं एक तुकडा लावला. शांतता. बाहुलीवर पेलाभर पाणी ओतलं. टींऽऽऽ!

"भाळ चलो! फार छान!" सर ओरडले. पाहुण्यांनी उरलेले एकोणचाळीस तुकडेही भिजवून पाहिले. एकही चुकला नाही. काम अण्णांकडंच आलं. मात्र प्रत्येक पाकिटात वापराची चिठ्ठी हवी, असं त्या बाईंनी बजावलं.

पुढच्या आठवड्यात दीपश्री छापखान्यात आली. टेबलावर तुकड्यांची चळत होती, कपाळं कोरी. तिला उगाच वाईट वाटलं. शेजारी साध्या शाईतल्या चिठ्ठ्या वाळत होत्या. तिनं एक उचलली.

॥ श्री ॥
सप्रेम नमस्कार वि. वि.
आमचे येथे श्रीकृपेकरून चि. बाळ ओले झाल्यास घंटा वाजेल. तरी आपण सहकुटुंब, सहपरिवार येऊन लंगोट बदलावा, ही नम्र विनंती.

दीपश्री हसता हसता टेबलाला टेकली. डोळ्यांतलं पाणी चिठ्ठीवर पडू नये म्हणून तिनं ती लांब धरली.

"काही बदलायचंय काय गं?" अण्णांनी भीत भीत विचारलं.

"एक अक्षरसुद्धा नाही, अप्पा."