कुसुमाच्या तारखा

चिखलदऱ्याच्या रानातल्या कुसुमाच्या बारा झाडांवर चुन्याचे पट्टे ओढलेले होते. त्यांना लाल पालवी कोणत्या दिवशी फुटते, याची जंगल खात्यात वही होती. झाडे पाहण्याचे काम राखणदार नत्थुजीचे. त्याला लिहिता येत नसे. एकेका झाडासाठी बांबूची एक कांब. दिवसाला एक खाच, पालवी दिसली की खाचेवर फुली. महिनाअखेर तो कांबी घेऊन अमरावतीच्या कचेरीत येई. कारकून चिंतामण तारखा उतरवी आणि खाली नत्थुजीचा अंगठा घेई. मग कांबी शिपायाच्या चुलीत जात.

एकोणतीस सालच्या मार्चअखेर एकाही कांबीवर फुली नव्हती.

"दरसाल दहा तारखेच्या आसपास फुटते," चिंतामण म्हणाला.

"यंदा नाई फुटली, बाबूजी. पुसाच्या महिन्यात हीव पडलं, दव गोठलं. झाडाचे डोये, कोंब सारे जयले. ऊन तापन तवा फुटन."

"थंडी झाडाला वाजली की तुम्हाला? घोंगडीतूनच पाहिलंत वाटतं."

शिपाई हसला.

"मी रोज जाऊन राहिलो, बाबूजी."

"बरं. अंगठा द्या."

कोरे रकाने पाहून साहेब याला काढून टाकतील, असे चिंतामणाला वाटले. नत्थुजी गेल्यावर त्याने गेल्या सालच्या तारखा एक-दोन दिवस मागेपुढे करून भरल्या. हे त्याला उपकार वाटले. त्याच पानावर चिखलदऱ्याच्या बंगल्यातल्या पाऱ्याचे आकडे त्यानेच उतरवले होते. एरवी पंचेचाळीस फॅरनहाइटखाली न जाणारा पारा जानेवारीत चौतिसावर आला होता.

तीन एप्रिलला साहेब वही घेऊन रानात गेले. बाराही झाडे पालवीवाचून उघडी होती. दुसऱ्या दिवशी नत्थुजीला कचेरीत उभे केले.

"अंगठा माहा हाय, साहेब. तारखा माह्या नाईत."

साहेबांनी चिंतामणाकडे पाहिले.

"यांनी सांगितलं तसं उतरवलं," चिंतामण म्हणाला.

नत्थुजीची एकोणीस वर्षांची नोकरी त्याच दिवशी गेली. पाऱ्याचा रकाना कोणी वाचला नाही.

सतरा एप्रिलला कुसुमे लाल झाली. त्याची नोंद नाही. राखणदाराची जागा रिकामी होती.

पुढे शालिकराम त्या जागेवर आला. रुजू होतानाच म्हणाला, "मागच्या सालांच्या तारखा सांगून ठेवा, बाबूजी."

चिंतामणाने सांगितल्या.

पुढच्या मार्चअखेर शालिकरामने बारा कांबी टेबलावर ठेवल्या. बांबू हिरवा होता आणि पहिल्या तारखेपासूनच्या साऱ्या खाचा सारख्याच ओल्या. चिंतामणाने त्या मोजल्या नाहीत. वही उघडली, तारखा लिहिल्या आणि शाईची गादी पुढे सरकवली.