गाऊनच्या सावलीतला शराटी

सोमवारपासून मला पणजीला कामावर जायचं होतं, आणि गौरवी माझ्याशिवाय कुणाच्या हातून पेजेचा घोट घेत नव्हती. सव्वा वर्षाची पोर. सासूबाईंनी वाटी पुढे केली की ओठ घट्ट मिटून माझा पदर शोधायची.

त्याच आठवड्यात बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, पेरणी केली. मोड आलेलं भात चिखलावर टाकलं की पाखरांपासून राखावं लागतं. बुजगावण्याला माझ्या नवऱ्याचा, परेशचा शर्ट चढवायला त्यांचं मन होईना. पोरगा आखातात, आणि त्याचा शर्ट शेतात काठीवर? मग दोरीवरचा माझा निळा गाऊन नेला.

"अहो, ह्या काय केल्यात? सुनेचो गाऊन!" सासूबाई कडाडल्या.

"जुनो होतो मगे."

"जुनो खयचो? पोराक पाजताना घालता ती!"

"पाखरांका काय कळता? शर्ट नि गाऊन सारखोच."

पाखरांचं माहीत नाही, गौरवीला कळलं. माझ्याच कडेवर बसून तिनं शेताकडे बोट केलं, "आई!" मी हसले. मग कुठेतरी बारीकसं टोचलं.

दुसऱ्या दिवशी धुकं विरताना त्यातून तो चालत आला. काळपट अंग, विळ्यासारखी वाकडी चोच, डोक्यावर लाल टोपी. काळा शराटी! माझ्या माहेरी, गडहिंग्लजकडे, नांगरामागून किडे टिपत फिरतात. पण इथे, सासरी हळर्णात, कधी कुणी पाहिला नव्हता. घाट उतरून एकटाच कसा आला?

"लाल टोपयेचो हो कोण गो?" सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या माहेरचो? मगे चाय घाल त्याका."

बुजगावण्याला तो भ्यालाच नाही. गाऊनभोवती फिरला, ऊन चढलं तसा त्याच्या सावलीत उभा राहिला. गौरवीची नजर त्याच्यामागे फिरत राहिली, तोंड उघडंच. सासूबाईंनी पेजेची कुलेर, म्हणजे चमचा, अलगद आत सारली. पोरीनं गिळली. पुन्हा एक. वाटी रिकामी झाली. मी दाराआड. त्या सुट्या वेळात मी केस धुतले आणि ओले केस घेऊन नुसतीच बसून राहिले.

रोज असंच चाललं. शराटी पाण्याकडे गेला की गौरवी भोकाड पसरायची, परत आला की घास घ्यायची.

रविवारी बाबांनी फटाके आणले. "मोड खाता तो. उद्या उडयतंय."

"किडे खातो हो, बाबा. आमच्याकडे कुणी हाकलत नाही."

"तुमच्याकडे घाटार. हय भात माझा."

एखादा मोड चोचीत जात असेलही. मला शपथेवर नाही म्हणवेना.

सोमवारी बॅग खांद्याला लावून मी अंगणात उभी. बाबा बांधावर, हातात काड्यापेटी. पायरीवर सासूबाईंच्या मांडीत गौरवी, शेताकडे बघत पेज गिळत होती. बाबांनी शराट्याकडे पाहिलं. वळून नातीकडे पाहिलं. मग काड्यापेटी खिशात टाकली नि माझ्यावरच खेकसले, "बस गेली काय?"

"नाही."

"धाव मगे! हय तुझ्या माहेरचो आसा राखणीक."

बस शेताच्या कडेनं वळली. वाऱ्यानं गाऊनची एक बाही वर उचलली होती. तिच्याखाली तो, मान खाली घालून. पायरीवर गौरवी हात हलवत होती, त्या बाहीला.

मीही खिडकीतून हात हलवला.