दुसऱ्या रांगेतलं पान

मी कुणावर उगाच संशय घेत नाही. घेते तेव्हा कारण असतं, आणि कारण नसलं तर थोडं शोधलं की सापडतं. माझे यजमान म्हणतात, तू पोलिसात जायला हवं होतंस. मी टोमॅटोत गेले.

आमचं पॉलिहाऊस घराच्या मागच्या दाराला लागून आहे. अकरा रांगा. पहिल्या पाच माझ्या, पुढच्या सहा धाकटीच्या. धाकटी म्हणजे माझी जाऊ, धाकट्या दिरांची बायको. आठ वर्षं तिने फक्त घरातलं बघितलं. यंदा सासऱ्यांनी तिला पहिल्यांदा रांगा दिल्या. तेव्हापासून ती गुणगुणत काम करायची. खोडाच्या बगलेतले फुटवे काढताना माणसाला गुणगुणण्यासारखं काय सापडतं, हे मला अजून कळलेलं नाही.

हवा तापायला लागली त्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या रांगेत एक रोप बिघडलं. पानांवर फिकट आणि गडद हिरवे चट्टे, शेंड्याची पानं अरुंद, पिळल्यासारखी. या दिवसांत येणारी, रोग पसरवणारी पांढरी माशी म्हणावी, तर तिच्यासाठी टांगलेले पिवळे चिकट कागद जवळजवळ कोरे होते. पाणी तेच, खत तेच, माझा हात तोच बावीस वर्षांचा. मग नवीन काय होतं? नवीन होती धाकटी. मनात पाल चुकचुकली.

त्यात तिने माहेराहून चाळीस रोपं आणून सहाव्या रांगेत लावली होती, अगदी माझ्या रांगांना खेटून. तिच्या माहेरी रोपवाटिका आहे, आणि 'आमच्याकडे असं करतात' हे तिच्या बोलण्यात दिवसातून चारदा येतं. मी मनात म्हटलं, रोगही तुमच्याकडचाच असणार.

मी डोळ्यांत तेल घालून बघायला लागले. धाकटी सारखे हात धुवायची. दोन-चार रोपं झाली की साबणाच्या बादलीत हात. ज्याने काही केलेलंच नाही त्याला इतके हात कशाला धुवावे लागतात? आणि एका सकाळी तर मी तिला रंगेहाथ पकडलं. स्वयंपाकघरातून ती वाटीभर दूध झाकून नेत होती. मी मागोमाग गेले. आत तिने चाकू दुधात बुडवला, मग बोटं बुडवली, आणि कामाला लागली.

"हे काय गं?"

ती दचकली. "काही नाही ताई. आमच्याकडे असं करतात."

"टोमॅटोला दूध पाजतात?"

"नाही हो, हाताला," म्हणाली आणि हसली.

हसली म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. खरं तर पुढे काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं होतं. मीच ऐकायला थांबले नाही.

दुपारी जेवताना मी सगळं सासऱ्यांच्या कानावर घातलं. सासरे कमी बोलतात, पण बोलले की बदलत नाहीत. "ज्याच्या हाताने रोग पसरला असेल, त्याचा पाय परत पॉलिहाऊसात पडणार नाही," ते म्हणाले. "मग ते घरातलं माणूस का असेना." धाकटीचा घास हातातच राहिला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता फक्त पुरावा हवा होता. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी मी आत जायचे, दुसऱ्या रांगेतल्या आजारी रोपाचं एक पान खुडायचे आणि ते मुठीत धरून धाकटीच्या रांगांत शिरायचे. तिच्या रोपाचं पान खुडायचं, माझ्या पानाला लावून बघायचं, चुरडायचं, उजेडाकडे धरायचं. चट्टा आहे? नाही. मग पुढचं रोप. झालं की घरी जाऊन हात धुऊन चहा, मग माझ्या रांगा. तिच्या एकेका रांगेला तीन-चार दिवस लागायचे. दहा-बारा दिवस काहीच मिळालं नाही, तेव्हा मला तिची रोपंसुद्धा लबाड वाटायला लागली.

मग मिळालं. आधी सहाव्या रांगेत, काही दिवसांनी सातवीत, मग आठवीत. मी धावत जाऊन सासऱ्यांना बोलावून आणलं. आपल्याच घरचं पीक आजारी पडलं म्हणून आनंदाने धावणारी मी बहुधा एकटीच असेन.

दुसऱ्या दिवशी पिकांचे रोग तपासणाऱ्या बाई आल्या. हातमोजे घालून त्यांनी अर्धा दिवस एकेक रोप बघितलं. आम्ही सगळे मधल्या वाटेवर उभे.

"हा विषाणू आहे," बाई म्हणाल्या. "याला औषध नाही. बियाण्यातून एखाद्या रोपात आला असेल, पण पुढे नेलाय माणसाच्या हाताने. आजारी पानाचा रस लागलेला हात चांगल्या रोपाला लागला, की झालं."

सासऱ्यांनी धाकटीकडे बघितलं. बाईंनी तिला विचारलं, ती काय काळजी घेते. तिने साबण सांगितला, दूध सांगितलं. आता सापडली, असं मला वाटलं.

"चांगलं करता," बाई म्हणाल्या. "दुधाने हा विषाणू बराच रोखला जातो. मग हे कसं काय?" त्यांनी एका रोपाकडे बोट दाखवलं. "या रांगांतल्या प्रत्येक आजारी रोपाचं छातीच्या उंचीवरचं एक पान खुडलंय. ज्यांचं खुडलं नाही ती धडधाकट आहेत. ही पानं कोण खुडतं?"



"रांगा तिच्या आहेत," सासरे म्हणाले. "दुसरं कोण खुडणार? पोरी, उद्यापासून आत येऊ नकोस."

मला एवढंच तर हवं होतं. मी दोन्ही हात अ‍ॅप्रनखाली लपवले.

धाकटी रडली नाही. त्या रोपापुढे बसून खुडलेल्या देठाकडे बघत राहिली. आता ही वळून माझ्याकडे बोट दाखवणार, असं मी धरूनच चालले होते, आणि तिला झापायचं वाक्यही जुळवून ठेवलं होतं. ती वळली.

"ताई, तुम्ही तर इतकं बारकाईने बघता. माझं कधी चुकलं हो? मला आठवतच नाहीये."

सवयीप्रमाणे मी तिच्या चेहऱ्यावर संशय शोधला. नव्हता. माझं नाव तिच्या मनातही आलं नव्हतं. मला आयुष्यात कधी वाटली नाही इतकी लाज वाटली.

"तुझं नाही चुकलं," मी म्हणाले. आवाज नीट फुटला नाही, म्हणून सासऱ्यांकडे तोंड करून पुन्हा म्हणाले, "बाबा, पानं मी खुडली. रोज, आजारी पान हातात घेऊन. हिची चोरी पकडायला."

यजमान "अगं" एवढंच म्हणाले. सासरे माझ्याकडे वळले. आपला शब्द त्यांनी माझ्यासाठी पुन्हा उच्चारावा, एवढी वेळ मी आणली नाही. अ‍ॅप्रन काढला आणि दोन्ही हात छातीशी धरून, कुठल्याही रोपाला न लागता, मधल्या वाटेने बाहेर आले.

दाराबाहेर उभी होते तेव्हा आत धाकटीचा आवाज ऐकू आला. "बाई, निदान अकरावी रांग तरी वाचेल का?"

"तिथवर तो हात गेला नसेल, तर वाचेल."

मी बाहेरूनच ओरडून सांगितलं, "गेलाय. आज सकाळीच गेलाय."