बर्फखान्याच्या भिंती

बर्फाचा जुना कारखाना बंद पडला, तेव्हा चित्रकाराने ती जागा घेतली आणि तिथे फक्त अमूर्त चित्रांची गॅलरी काढली. झाडं नाहीत, चेहरे नाहीत, नुसते रंग. चित्रं टांगताना धाकटा भाऊ दर वेळी विचारायचा, "दादा, हे सुलटंच आहे ना?"

पहिली वर्षं बरी गेली. मग तिथे नावारूपाला आलेले इतर चित्रकार एकेक करून मोठ्या गॅलऱ्यांकडे गेले आणि एका हिवाळ्यात तो स्वतः वारला. भिंतींवर उरली त्याचीच चित्रं. बायको रोज कुलूप उघडून बसायची. फिरकायचं कुणी नाही.

भिंतींच्या पोटात बर्फखान्याच्या वेळचा, गारवा टिकवायला भरलेला लाकडाचा भुसा होता. तो पाणी धरून बसला होता. चित्रकाराच्या शेवटच्या चित्रावर करडी बुरशी चढली. बायकोच्या लक्षात येईपर्यंत बुरशीने निम्मं चित्र गिळलं होतं.

त्याच आठवड्यात वर्तमानपत्राचा समीक्षक आला आणि नेमका तिथेच थबकला.

"हा करडा बघा! इथे त्यांनी मरणच रंगवलंय."

ती बोलणार, तोच दिराने डोळ्यांनी दटावलं. समीक्षक गेल्यावर म्हणाला, "वहिनी, इतक्या वर्षांनी कुणीतरी आलंय. गप्प बसा."

लेख छापून आला, गर्दी होऊ लागली. सगळे करड्यापाशीच उभे; बाकीच्या चित्रांकडे कुणी ढुंकूनही बघेना. एक मुलगी तर रडली. नवऱ्याच्या नावाने चाललेलं ते बुरशीचं कौतुक बायकोला ऐकवेना. अखेर तिने दार लावून घेतलं आणि चित्रं दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं.

बाईंनी कापसाचा बोळा अगदी हलक्या हाताने फिरवला. बुरशीबरोबर रंगही निघून आला. खाली कोरं कापड.

"फोटो आहे का? काय होतं ते कळलं तर काहीतरी करता येईल."

फोटो नव्हता.

"भावजी, इथे कुठला रंग होता हो?"

दीर कापडाजवळ वाकला. "निळा असावा, वहिनी. की हिरवा? नाही सांगता येत."

तिलाही आठवेना. नवरा ते रंगवत होता तेव्हा ती शेजारीच होती. त्याच्या कपाळाला लागलेला डाग तिनेच पदराने पुसला होता. कुठल्या रंगाचा, ते काही केल्या आठवेना.

"राहू द्या," ती बाईंना म्हणाली.

पुढे काही दिवस लोक दार वाजवत, करडं चित्र बघायचंय म्हणत. ती आत असायची. ओ द्यायची नाही.