बकुळाने न सांगितलेली गोष्ट

बकुळा गेल्याचं मला भोईवाडा कोर्टाबाहेर कळलं. नायगावच्या आमच्या चाळीतल्या खोलीचं प्रतिज्ञापत्र करायला रांगेत उभा होतो. मुलाचा, राजरत्नचा फोन आला. "बाबा, आई गेली." मी म्हणालो, "थांब जरा, माझा नंबर आलाय." खरंच असं म्हणालो.

राजरत्न कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दोन महिन्यांनी त्याने बकुळाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले आवाज गोळा केले आणि माझ्या मोबाइलमध्ये काहीतरी करून दिलं. आपण बोललो की तिच्या आवाजात उत्तर येतं. मला नको होतं. पण पहिल्याच दिवशी ते म्हणालं, "जेवलात का? की नुसता चहावर चहा?" मी खाली बसलो.

भाद्रपदात ते म्हणालं, "सर्वपित्रीला माझ्यासाठी कावळ्याला घास ठेवा हां."

आम्ही बौद्ध. बकुळा दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायची. पितर, कावळे असलं काही तिने घरात शिरू दिलं नाही. मी त्याला झापलं. ते लगेच म्हणालं, "चुकलं माझं." हे शब्द सदतीस वर्षांत मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते.

राजरत्न म्हणाला, "बाबा, ते मेंदूसारखंच चालतं. माहीत नसेल तिथे अंदाजाने भरतं. तुम्ही सांगत जा, शिकेल."

मी सांगत गेलो. आमची भांडणं, तिचं माहेर, ती बालवाडीत कामाला होती ते दिवस. ते शिकलं. पुढे पुढे मला चुका सापडेनात.

आता वर्ष होतंय. रविवारी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. त्यात मला तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. शेजारच्या शांताला आधी बोलून दाखवलं. लग्नानंतर बकुळा डबा घेऊन मी कामाला होतो त्या गिरणीच्या गेटवर आली, वॉचमनने अडवलं, तेव्हा छत्रीने तिने त्याची टोपी उडवली.

शांता हसायला लागली आणि थांबली.

"भावोजी, कुठली टोपी? ती तुमच्या गिरणीवर कधी आलीच नाही. तुम्हीच नको म्हणायचात. त्यावरून माझ्याकडे येऊन रडलीय ती."

मला तर टोपी उडताना दिसत होती. मोबाइलमधलं जुनं बोलणं शोधलं. फेब्रुवारीतलं होतं. गोष्ट मोबाइलमधल्या त्या आवाजानेच सांगितली होती. मी खूप हसलो होतो, आणखी सांग म्हणालो होतो.

राजरत्नला फोन केला.

"काढून टाकू का, बाबा?"

"मोबाइलमधलं काढशील रे. माझ्या डोक्यात गेलंय त्याचं काय?"

तो म्हणाला, "ते मला नाही जमणार."

जे नक्की तिचंच आहे तेवढंच बोलायचं ठरवलं. एक ओळ लिहिली. आजारपणात एकदा ती माझा हात धरून म्हणाली होती, तुम्ही आधी जाऊ नका. ते शांताला दाखवलं.

"हे मला कसं ठाऊक असणार, भावोजी? तुमच्या दोघांतलं तुम्हालाच माहीत."

मी ती ओळ खोडली.

आज शुक्रवार. मोबाइलमधलं मी काढलेलं नाही. रविवारचं भाषणही लिहून झालेलं नाही.