तोफेचं पहिलं वाक्य

कॉलेजात तिला सगळे 'तोफ' म्हणत. वादविवादाच्या स्पर्धेत ती उभी राहिली की समोरच्याचं अवसान गळालंच म्हणून समजा. त्यामुळे शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींशी सुरक्षित संबंधांविषयी बोलायला कुणीतरी हवं होतं, तेव्हा कॉलेजच्या डॉक्टरबाईंनी थेट तिलाच गाठलं.

"मी बोलायला लागले की पोरं चपलांकडे बघत बसतात," त्या म्हणाल्या. "तुझं ऐकतील. कंडोमचं, तपासणीचं जोडीदाराशी आधी बोला, एवढंच सांगायचंय."

"त्यात काय!" म्हणत तोफ भाषण लिहायला बसली आणि पहिल्याच ओळीला घोडं अडलं.

कारण साधं होतं. तिचा मित्र वास्तुकलेचा विद्यार्थी, सदानकदा पुठ्ठ्याच्या इमारती चिकटवणारा, म्हणून सगळ्यांचा 'मिस्त्री'. त्याचा खोलीतला सोबती पुढच्या आठवड्यात घरी जाणार होता. दोघांच्याही मनात काय आहे ते दोघांनाही ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं.

'लोका सांगे ब्रह्मज्ञान!' तिने स्वतःलाच टोमणा मारला आणि कागद टाकून कार्यशाळेत गेली.

मिस्त्री एक चिमुकला जिना बसवत होता. तोफेने आधी डिंकाची चौकशी केली, मग खिडकीची. शेवटी एका दमात बोलून टाकलं, "पुढच्या आठवड्याचं. कंडोमशिवाय नाही. आणि त्याआधी दोघांनी तपासणी करायची."

जिना तिरका बसला.

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"नसता तर आलेच नसते."

"माझ्या आधीच्या मैत्रिणीचं तुला मीच सांगितलं, त्याचं हे फळ?"

"अरे, आजार काय कपाळावर लिहिलेला असतो? तुझ्याही नाही, माझ्याही नाही. मीही तपासून घेणार आहे."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

स्पर्धेत अशा वेळी तिच्याकडे दहा उत्तरं असायची. इथे एकच होतं.

"तर पुढचा आठवडाही नाही."

आवाज कापला, पण वाक्य मोडलं नाही. तो बोटांवरचा डिंक खरवडत राहिला. ती बाहेर आली, पायऱ्यांवर बसून रडली, आणि नवल म्हणजे रडतानाही तिला हलकं वाटत होतं.

मग ना फोन, ना निरोप. व्याख्यानाच्या दिवशी सकाळी ती तपासणीला गेली, तर स्वारी कॉलेजच्या दवाखान्याच्या दारात हजर!

"ताईला फोन केला होता," तो खाली मान घालून म्हणाला. "तिने माझी बिनपाण्याने केली. म्हणाली, त्या पोरीने एवढं धाडस केलं आणि तू तोंड फुगवून बसलास? चुकलंच माझं. चल, रक्त देऊ. फक्त माझा हात धर, मला सुईची भीती वाटते."

दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. तोफेने लिहिलेलं काहीच वाचलं नाही. आपली जीभ कशी अडखळली, काय बोललो, कसं रडलो, सगळं सांगितलं; त्याचं नाव तेवढं वगळलं.

मागून कुणीतरी ओरडलं, "आणि तो पोरगा? पळाला?"

हशा उसळला. तेवढ्यात मिस्त्री उभा राहिला, दंडाला कापूस चिकटवलेला.

"नाही पळाला. तो गाढव मीच!"

शिट्ट्या, टाळ्या, बाकं वाजली. आणि मग बांध फुटला. एका मुलीने विचारलं, "बोलताना हसूच आलं तर?" "हसा, पण बोला," डॉक्टरबाई म्हणाल्या. एका मुलाने भर सभेत कबूल केलं की त्याला कंडोम नीट वापरता येत नाही. कुणी त्याची टर उडवली नाही. तास संपला तरी कुणी उठेना.

पुढच्या आठवड्यात दोघांचे अहवाल आले, दोन्ही निर्धास्त करणारे. त्या संध्याकाळी मिस्त्री छाती काढून औषधांच्या दुकानात शिरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कंडोम मागितले. दुकानदार घाईघाईने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळू लागला.

"राहू द्या काका," मिस्त्री म्हणाला. "असंच द्या."

बाहेर उभी असलेली तोफ रस्त्यात पोट धरून हसत होती.